सात सेकंद आधी

हे कुणाला सांगायचं नाही, असं मामाने मला बजावलं होतं. म्हणून नुसतं लिहून ठेवतेय.

मी मामाकडे राहून शिकते. मामा बावीस वर्षं रात्री बारा ते तीन रेडिओवर बोलायचा. देशभरातून, ज्यांना झोप लागत नाही त्यांचे फोन यायचे. मामी म्हणायची, "जगाला जोजवतात आणि स्वतः सकाळी चहाच्या कपात पेंगतात."

कुणी शिवी हासडलीच तर कापता यावी, म्हणून कार्यक्रम सात सेकंद उशिरा ऐकू जायचा. फोन करणाऱ्याच्या घरी रेडिओ चालू असला, की मामाला स्वतःचेच शिळे शब्द मागून ऐकू येत. म्हणून प्रत्येकाला तो आधी सांगायचा, "जरा रेडिओ बंद करता का?"

त्या रात्री तो पार थकला होता. आज निरोप घ्यायचाच, असा त्याने मामीला शब्द दिला होता. पावणेतीनला शेवटचा फोन आला. पलीकडे कुणी बोलेना. नुसता रेडिओ चालू होता, बंद खोलीत असावा तसा. मामाने तोंड उघडायच्या आत त्याचाच आवाज फोनमधून आला, "जरा रेडिओ बंद करता का?"

सवयीने त्यानेही तेच म्हटलं. मग त्याच्या लक्षात आलं. तो रेडिओ सात सेकंद मागे नव्हता... पुढे होता.

फोनमधला आवाज शांतपणे म्हणाला, "मी कुठेही जात नाही. उद्याही इथेच आहे."

मामाने ओठ घट्ट मिटून धरले. काचेपलीकडचा तंत्रज्ञ हातानेच विचारत होता, काय झालं? त्याला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. बऱ्याच वेळाने मामा म्हणाला, "हा माझा शेवटचा कार्यक्रम. येतो." आणि तडक घरी आला.

मामी दारातच उभी होती. डोळे लाल. "शब्द दिला होतात ना? मग उद्याही इथेच आहे, असं का म्हणालात?"

त्याला तीन महिने झाले. कार्यक्रम बंद पडला. त्या वेळेला रेडिओवर आता नुसती खरखर असते. मामा रात्रभर झोपतो, तरी सकाळी दमलेलाच उठतो, घसा बसलेला.

काल रात्री मी अभ्यासाला जागी होते. शेजारच्या खोलीत मामा घोरत होता, आणि स्वयंपाकघरातला रेडिओ हळू आवाजात बोलत होता. मामाचाच आवाज. "आता घरचाच फोन. माझी भाची आहे. बोल बाळा... पण आधी तो रेडिओ बंद कर."

मी बंद केला. फोन मात्र मी केलाच नव्हता.

आत्ता बाहेरून मामी हाक मारतेय, "इकडे ये गं जरा. फोनवर कुणी बोलत नाहीये, मागे नुसता रेडिओ चालू आहे. आणि त्यात तुझा आवाज येतोय." तिला म्हणावं, तो फोन तसाच ठेवून दे, कारण मी तर अजून काही बोललेच...