नखाएवढी टोपी

तो आला तोच मुळात चुकीच्या दारात.

"दातांच्या डॉक्टरबाई इथेच का?" खांद्याला हत्यारांची पिशवी, कपाळावर आठ्या.

"वरच्या मजल्यावर," म्हणत ती दार लावणार, तोच त्याची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली. कोपऱ्यात तिचा जुना कॉम्प्युटर, बाजूचं झाकण काढलेला, समोर टेबलफॅन.

"याला ताप आलाय का हो?"

"वय झालंय. पण माझं भरतकामाचं मशीन याच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. आणि पोटात तर जागाच उरली नाही… नवी नक्षी ठेवू कुठे?"

"माझं कामच ते. आणखी एक डिस्क बसवू. वरचं आटोपून येतो."

वरचं आटोपून! त्या दोन शब्दांनी पुढे महिनाभर तिचं डोकं खाल्लं.

कारण तो दर गुरुवारी यायचा, पण आधी वर जायचा. छतातून डॉक्टरबाईंचं खळखळून हसणं ऐकू यायचं आणि खाली हिचा दोरा तुटायचा. मग तो उतरायचा, ओठांच्या एकाच कोपऱ्यात हसू घेऊन. वरून उरलेलं, दुसरं काय! चहा विचारला तर, "नको, आत्ता गरम नको." वर झाला असणार.

"वरचीचा कॉम्प्युटर भारीच नाजूक दिसतोय," आत्या पोळ्या लाटता लाटता म्हणायची. "दर आठवड्याला बरा करावा लागतो."

"मला काय त्याचं?" ती म्हणायची, आणि सुई बोटात घुसायची.

तसली जुनी डिस्क शोधण्यात दोन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी त्याने ती एका रुंद, पट्टीसारख्या वायरवर जुन्या डिस्कशेजारी जोडली. ती बॅटरीचा उजेड धरून वाकली होती. त्याच्या बाहीला साबणाचा वास…

"पट्टी एक, डिस्क दोन," त्याने जुन्या डिस्कवरची नखाएवढी प्लास्टिकची टोपी दाखवली. "पहिली कोण, दुसरी कोण, हे हिच्यावर ठरतं. ही काढली की दोघीही रुसतात."

"दोघींना सांभाळायची सवय दिसतेय तुम्हाला."

तो अर्ध्या ओठाने हसला. "चला, तुमचं काम संपलं. वर मात्र पुढच्या गुरुवारी यायचंच आहे."

हिचं संपलं, तिचं चालूच! बुधवारी तिने कॉम्प्युटर बंद केला, दोरे उपसायच्या चिमट्याने ती टोपी ओढली आणि टाचण्यांच्या डबीत टाकली. स्वतःच्या पोटापाण्यावर असा चिमटा फिरवणं म्हणजे वेडेपणाच. पण फिरवला.

गुरुवारी जिन्यात पावलं वाजताच तिने दार उघडलं. "अहो, एकही डिस्क दिसत नाहीये!"

तो वर न जाता आत आला. तेवढ्यानेच तिचा जीव सुपाएवढा झाला. त्याने झाकण काढलं, पाहिलं, आणि पाहतच राहिला.

"टोपी गेली कुठे?"

"पडली… असेल."

"ती आपोआप पडत नाही. उपटावी लागते." त्याची नजर टेबलावरच्या चिमट्यावर थांबली.

"मीच काढली!" ती एकदम म्हणाली. "वर तुमचं काम संपता संपेना, आणि माझं मात्र…"

"वर? वर कसलं काम?"

"कॉम्प्युटरचं!"

तो हसायला गेला आणि गाल धरून मटकन खाली बसला. "आई गं! अहो, अक्कलदाढ आहे माझी! सूज उतरेपर्यंत दर गुरुवारी बधिर करून साफ केली, आज काढणार आहेत. सुई दिसली की मी ओरडतो, त्या हसतात. पिशवी काय, कामावरून थेट येतो म्हणून."

बधिर ओठ. गरम चहा नको. ती लाजेने टाचण्यांच्या डबीएवढी झाली.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"वर तोंड उघडतं, पण बोलता येत नाही," तो हळूच म्हणाला. "इथे बोलता येतं, तर… तोंडच उघडत नाही."

"उघडलं एकदाचं!" आतून आत्या.

तिने डबीतून टोपी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. बोटं क्षणभर तिथेच राहिली. त्याने टोपी बसवली. पडद्यावर दोन्ही डिस्क गुपचूप उमटल्या.

"काम संपलं," तो म्हणाला. दारापर्यंत गेला… वळला. "मला एकट्याला भीती वाटते. येतेस वर?"

जिन्याकडे महिनाभर तिने डोळे वटारून पाहिलं होतं. आज तोच जिना ती दोन-दोन पायऱ्यांनी चढली. आणि सुई पुढे आली तेव्हा त्याने जो हात घट्ट धरला, तो डॉक्टरबाईंचा नव्हता.