पेडल थरथरलं तरी

त्या दिवशी जळकोटच्या फाट्यावर एसटी वेळेवर आली असती, तर ही गोष्ट सांगायला मी बसलेच नसते. पण डिसेंबरची सकाळ होती, साडेसात वाजले होते, आणि एसटी धुक्यात कुठेतरी मागेच अडकली होती. मी शाल घट्ट गुंडाळून, दात वाजवत उभी होते. तेवढ्यात धुक्यातून दोन मंद दिवे आले... आणि एक पांढरा पिकअप अगदी माझ्यासमोर येऊन थांबला.

काच खाली झाली. आधी मेथीचा वास आला, मग चेहरा दिसला.

"अहमदपूरला जायचंय का, ताई? एसटी आज न्हाई यायची. बसा."

चेहरा बरा होता. खरं सांगायचं तर बराच बरा होता. मी तरीही जागची हलले नाही, तेव्हा फाट्यावरच्या चहावाल्या काकांनीच ओरडून सांगितलं, "बस की पोरी! नागसेन हाय त्यो, रोज भाजी घेऊन जातोय हितून. देवमाणूस हाय."

"बसते," मी म्हणाले, "पण ताई म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"काही नका म्हणू. समोर बघून चालवा."

तो हसला. दार लावलं आणि माझी नजर सवयीने डॅशबोर्डवर गेली. बाबासाहेबांचा छोटासा फोटो, एक कंगवा, अर्धा बिस्किटपुडा... आणि काट्यांच्या मधोमध पेटलेला एक पिवळा दिवा. ब्रेकच्या एबीएसचा.

"हा दिवा कधीपासून लागलाय?"

"दिवाळीच्या आधीपासून. दिवाळीचाच दिवा समजा की."

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं मी कोण आहे ते. पण पठ्ठ्याने मला ब्रेक शिकवायला सुरुवात केली, आणि मला मोह आवरला नाही.

"तुम्हाला सांगतो, हे एबीएस म्हंजे निस्ती डोकेदुखी. ब्रेक कसा मारायचा? दाब — सोड, दाब — सोड. आमच्या मामानं शिकवलंय. तीस वर्सं ट्रक चालवला त्यांनी."

"अगं बाई! हो का?"

"हाव तर! पाय हलका पाहिजे. तुमाला न्हाई कळायचं ते..."

मी मान डोलवत राहिले. तो बोलत राहिला. पण एक गोष्ट मान्य करायला हवी — गाडी तो फार सुंदर चालवत होता. धुक्यात दिवे खालचेच ठेवलेले, वेग पस्तीसच्या वर नाही, पुढच्या गाडीपासून चांगलं लांब. रोज शंभर ड्रायव्हर बघते मी. एवढ्या समजूतदारपणे चालवणारे त्यातले पाचही नसतात. फक्त समोर काही अंधुक दिसलं, की त्याचे हात स्टेअरिंगवर आवळायचे आणि बोलणं मध्येच थांबायचं. ते मला जरा विचित्र वाटलं.

अहमदपूरच्या अलीकडे मी म्हणाले, "इथंच थांबवा."

"हितं? हितं तर वर्कशॉप हाय."

"हो. इथेच कामाला आहे मी."

"ऑफिसात?"

"ब्रेकवर."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं! पाचच मिनिटांत मी छातीवर 'ज्योत्स्ना' लिहिलेला राखाडी ड्रेस चढवून, केस बांधून बाहेर आले. तो अजून तिथेच होता, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला.

"म्याडम... म्या उगाच काहीबाही बोललो."

"मामांना माझा नमस्कार सांगा. आता बॉनेट उघडा."

फ्यूजची पेटी उघडली आणि माझा हात थांबला. एबीएसच्या फ्यूजची जागा रिकामी होती.

"हा कुणी काढला?"

"म्याच," तो हळू म्हणाला. "पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला, की पेडल पायाखाली धडधड करायचं. कर्रकर्र आवाज. मला वाटलं काहीतरी तुटायलंय. लायनीतले सगळे ड्रायव्हर म्हणले, फ्यूज काढ, गप बसतंय. सगळ्यांनीच काढलेत."

"तुटत नव्हतं ते. काम करत होतं," मी वैतागून म्हणाले. दर हिवाळ्यात अशा वीसेक गाड्या येतात माझ्याकडे. पेडल थरथरलं की आमच्याकडच्या माणसाला गाडी बिघडली असंच वाटतं, आणि जी वस्तू जीव वाचवणार तीच आधी उपटून फेकली जाते. "चाक जाम होऊन घसरायला लागलं की ते एबीएस सेकंदात कितीतरी वेळा ब्रेक सोडतं, धरतं. तुमच्या मामांची दाब-सोड, दाब-सोडच आहे ती. फक्त मामांपेक्षा लवकर करतं, आणि प्रत्येक चाकाचं वेगळं करतं. तीच धडधड पायाला लागते."

मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. शेजारच्या जुन्या टायरवर बसला आणि जमिनीकडे बघत बोलू लागला.

"तीन आठवडे झाले, म्याडम. असंच धुकं होतं. कारखान्याच्या रस्त्यावर उसाचं पाचट पडलेलं, त्यावर दव. पुढं उसाची बैलगाडी दिसली तवा लई जवळ होती. म्या ब्रेक दाबला... चाकं जाम. स्टेअरिंग फिरवलं, तर गाडी सरळच. सरळच जायली की! बैलगाडीवरची बाई उडी मारून बाजूला झाली, वाचली. बैलाच्या मांडीला बसलं. आठ दिवस उठला न्हाई त्यो."

मी त्याच्यासमोर उकिडवी बसले.

"गाडी विकायलो. रविवारी देगलूरचे ईश्वरप्पा काका हितं अहमदपूरला येणार हायत बघायला. पुण्याला एका कंपनीत गेटवर काम बघून ठेवलंय. आता जिंदगीत स्टेअरिंगला हात लावायचा न्हाई. दिवा तेवढा घालवून द्या, गिऱ्हाईक विचारतंय."

ओळख होऊन दोन तास झाले होते. तो पुण्याला गेला काय आणि इथंच राहिला काय, मला काय त्याचं? पण मला ते पटेना. इतका चांगला हात, इतकी सांभाळून चालवायची रीत... आणि हा माणूस एका गेटवर खुर्ची टाकून बसणार!

मी नवा फ्यूज बसवला. चाकाजवळच्या सेन्सरवरचा चिखल पुसला. चावी फिरवली — पिवळा दिवा लागला, दोन सेकंद राहिला आणि विझला.

"विकायच्या आधी एकदा चालवून बघायची," मी फर्मावलं. "नियम आहे आमचा."

असा काहीही नियम नव्हता.

धान्याच्या मोंढ्यामागच्या रिकाम्या रस्त्यावर तुरीचा भुसा पसरला होता. लोक येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली तूर मळून घेतात ना, त्यातलाच उरलेला. मी मध्यावर एक रिकामं क्रेट ठेवलं आणि गाडीत नागसेनच्या शेजारी बसले.

"चाळीसनं चालवा. क्रेटच्या आधी ब्रेक पूर्ण दाबा. पेडल लाथ मारेल, मारू द्या. पाय तसाच ठेवायचा आणि गाडी बाजूने काढायची."

पहिल्यांदा पेडल थरथरलं आणि त्याने चटका बसल्यासारखा पाय उचलला. क्रेट उडालं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्याने मामांसारखी दाब-सोड केली, आणि क्रेट पुन्हा उडालं.

"हे पेडल की तुमची मामी?" मी म्हणाले. "एवढं घाबरता?"

तो खुदकन हसला. चौथ्यांदा त्याने ओठ घट्ट मिटले. पाय दाबला... धडधडधड... आणि पाय तिथेच राहिला. गाडीने मऊ वळण घेतलं, क्रेटच्या बाजूने गेली आणि पुढे जाऊन थांबली.

"भुशावर थोडं लांब जाऊन थांबते," मी सांगितलं. "एबीएस म्हणजे जादू नाही. अंतर ठेवायचं, वेग कमी ठेवायचा, ते तुम्हाला येतंच. पण चाक फिरत राहतं, म्हणून स्टेअरिंग ऐकतं."

तो उतरला आणि क्रेट मागे ठेवून परत येऊन बसला.

"म्हंजे... त्या दिवशी फ्यूज असता, तर?"

खोटं बोलता आलं असतं. पण ब्रेकवाल्या माणसाने खोटं बोलू नये.

"तर गाडी वळली असती. बहुतेक बैल वाचला असता."

त्याने मान हलवली. मामाचं नाव घेतलं नाही, लायनीतल्या दोस्तांचं घेतलं नाही, धुक्यालाही बोल लावला नाही. "माझी चूक हाय," एवढंच म्हणाला. चार वर्षांत माझ्यासमोर एकाही ड्रायव्हरने हे तीन शब्द उच्चारले नव्हते. त्या क्षणी मला तो आवडला. उगाच आडपडदा कशाला ठेवू... फार आवडला.

"उद्या सकाळी वैरण न्यायचीय बैलाला," गाडी वळवताना तो म्हणाला. मग रस्त्यावरची नजर न काढता, "तुम्ही... येता का, म्याडम?"

"येते. पण म्याडम म्हणायचं नाही."

"लई नियम हायत तुमचे..."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, माझी सुट्टी. जळकोटच्या फाट्यावर तो वेळेआधी हजर होता. मागे कडब्याच्या पेंढ्या, केस ओले, अंगात नवा शर्ट. धुकं कालच्यापेक्षा दाट होतं. तो कालचंच अंतर ठेवून, कालच्याच वेगाने चालला होता. कारखान्याचा रस्ता लागला तसं रस्त्यावर पाचट दिसायला लागलं, आणि त्याचं बोलणं थांबलं.

आणि मग समोर, एकदम, उसाची गाडी! चाक निखळून रस्त्यातच उभी राहिलेली. मागे ना दिवा, ना लाल फडकं. वरती ऊस, खाली दोन माणसं चाकाशी वाकलेली.

नागसेनने ब्रेक दाबला. पेडलची धडधड मला माझ्या तळपायापर्यंत जाणवली. मी दोन्ही हातांनी समोरचं धरलं, पण डोळे त्याच्याकडे होते... त्याच्या पायाकडे. तो पाय उठला नाही. हात शांतपणे वळले. उसाची टोकं माझ्या काचेला घासत गेली, पिकअप त्या माणसांना वळसा घालून कडेच्या मातीत उतरला आणि थांबला.

त्या दोघांना तर काही कळलंही नाही. "ओ भाऊ, जॅक हाय का?" त्यातल्या एकाने विचारलं.

नागसेन उतरला. जॅक दिला, चाक बसवायला मदत केली, आणि निघताना स्वतःचा लाल मफलर गाडीच्या मागच्या उसाला बांधून आला. परत येऊन बसला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"वळली," तो म्हणाला. "ज्योत्स्ना, गाडी वळली."

माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि काढला नाही.

ऊसतोड्यांच्या कोप्यांजवळ, पाचटाच्या त्या झोपड्यांपाशी, धुरपताबाई वाटच बघत होत्या. त्याच त्या, उडी मारून वाचलेल्या. त्यांचा बैल उन्हाच्या तिरिपीत उभा होता. चारही पायांवर.

"कालपास्नं चारी पाय टेकून उभा ऱ्हायलाय," त्या मला सांगू लागल्या. "धडक दिली तवा मी लई शिव्या घातल्या ह्याला. म्हणलं, पळणार ह्यो. तर बैलापाशी मांडी घालून बसला, डॉक्टर येईस्तोर! तवापास्नं रोज वैरण आणतोय. माझा ऊस बी ह्याच्याच गाडीतनं जायलाय. आता पुण्याला चाललाय म्हणं. सांग की जरा, तुझं ऐकल."

मी काही सांगणार, इतक्यात त्याचा फोन वाजला. हात वैरणीत होते, म्हणून त्याने स्पीकर लावून फोन बॉनेटवर ठेवला.

"एनप्पा नागसेन, काय म्हणतोस! उद्या येऊ ना गाडी बघायला?"

"काका... गाडी विकायची न्हाई."

"आँ? कामून? खोट निघाली काय गाडीत?"

"गाडी बेस हाय. ब्रेक तर लई बेस हाय."

"आन् पुण्याचं काम?"

"पुण्याला बी जात न्हाई." त्याने पेंढी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग बैलाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. कान लाल. "काका, हितं एक ब्रेकवाली हाय... ती मला लई आवडली. तिला सोडून न्हाई जावं वाटायलं."

धुरपताबाईंनी तोंडाला पदर लावला. फोनमधून ईश्वरप्पा काकांचं गडगडाटी हसू आलं.

"तिला सांगितलास का बाबा?"

"आत्ताच ऐकलं तिनं... हितंच उभी हाय."

तो मान खाली घालून पेंढीची दोरी सोडत राहिला. माझ्या छातीत असं काही धडधडत होतं की विचारू नका. पण मी फोन उचलला.

"काका, नमस्कार. मी ज्योत्स्ना. गाडी काही तुम्हाला मिळायची नाही. पण उद्याचं येणं रद्द करू नका. फक्त अहमदपूरऐवजी जळकोटला या." माझा आवाज जरा कापला, तरी मी पुढे बोलले, "माझ्या बाबांशी बोलायला यांच्या बाजूनं कुणीतरी मोठं माणूस लागेल ना..."

पेंढी नागसेनच्या हातातून सुटली. बैलाने ती ओढून घेतली आणि खायला सुरुवात केली. फोनवर काका विचारत होते, किती वाजता निघू?