बारा विती

बिरुदेव माझ्याकडे आला तो चुकून. त्याला खालच्या झेरॉक्सच्या दुकानात जायचं होतं, एक जिना जास्त चढला.

"हितं झेरॉक्स निघती का?"

"इथे घरांचे नकाशे निघतात."

"मग तर लईच बरं झालं की," तो हसला. ते हसू मला जरा जास्तच आवडलं...

त्याच्या हातात एक मळका कागद होता, शाई उडत चाललेली. होटगीजवळच्या जागेवर घर बांधायची त्याच्या आईची, घोंगड्या विणणाऱ्या बाईची, इच्छा होती. ती दोन वर्षांपूर्वी गेली. जाण्याआधी तिनं सांगितलेलं माप त्यानं या कागदावर उतरवलं होतं – दार, बारा विती. चौकटही तिनंच मापून वैरागच्या सुताराकडे करायला टाकलेली.

कागद हातात घेतला आणि उन्हाळ्यातही बोटं गार पडली. लोकरीचा ओला वास आला. पंखा तर बंद होता.

कॉलेजात शिकवलं होतं, वीत म्हणजे नऊ इंच. काम मी घेतलं आणि हिशेबानं भिंतीत नऊ फुटांचं दार सोडलं. चौकट यायला उशीर, म्हणून गिलावाही उरकून घेतला.

चौकट आली. दोन फूट आखूड!

"एवढं मोठं दार? हत्ती बांधायचा हाय का आत?" बिरुदेव भडकला. "तुमी आईचा कागद वाचलाच न्हाई, म्याडम."

"तुम्ही दिलेलंच माप आहे!"

"मग आई खोटं बोलली व्हय? ऱ्हाऊ द्या. उद्यापास्नं दुसरा आर्किटेक्ट बघतो."

माझं पहिलंच घर हातचं चाललं होतं. त्याहून वाईट म्हणजे, माणूसही चालला होता. मला तो आवडत होता, काय करणार?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी बांधकामावरचं माझं सामान आणायला गेले. बसू मिस्त्री बाहेर उन्हात उभा होता. सावली सोडून.

"म्याडम, आत कुणीतरी हाय. सकाळधरनं बांगड्या वाजत्यात. मी न्हाय जात."

मी गेले. आत कुणीच नव्हतं. दाराच्या कडेला, वाळलेल्या गिलाव्यावर, ओले ठसे होते. अंगठा आणि करंगळी ताणलेल्या लहान हाताचे, एकावर एक, जमिनीपासून वर. मोजले. बारा. त्यांच्या वर दोन फूट कोरी भिंत.

मागे पावलं वाजली. बिरुदेव होता. ठसे बघून त्याचा चेहरा उतरला. त्यानं एकावर हात ठेवून पाहिला – त्याचा केवढा तरी मोठा. मी टेप लावला. एक ठसा, सात इंच.

"बारा साते चौऱ्याऐंशी..." मी टेप गुंडाळला. "सात फूट. चौकट बरोबर आहे. मी पुस्तकातली वीत धरली."

"आन् मी सांगितलंच न्हाई, वीत आईची हाय म्हणून." तो हळूच म्हणाला, "तुमचा हात ठेवा की."

मी शेवटून तिसऱ्या ठशावर हात टेकवला. तंतोतंत बसला.

"अस्साच हात हुता तिचा," तो म्हणाला. डोळे भरले होते त्याचे. "दुसरा आर्किटेक्ट नगं मला."

"आणि पुढची मापं कुणाच्या वितीनं घ्यायची?"

"तुज्या." पहिल्यांदाच 'तू' म्हणाला... "प्रियदर्शनी, ह्या घरात ऱ्हायला येशील?"

तो मागे सरून माझ्यापासून चार हात लांब उभा होता, दोन्ही हात खिशात. आणि तरीही भिंतीच्या आतून कुणीतरी माझा तळवा हलकेच दाबला. थंड हातानं, पण मायेनं. अगदी जवळ बांगड्या किणकिणल्या.

भीती वाटली, खरंच वाटली. हात मात्र मी काढला नाही.

"हो," मी म्हणाले.

कुणाला म्हणाले, ते बिरुदेव अजून विचारतो.