रिकाम्या खुर्चीपुढचं ताट

जिने चढताना माझे गुडघे बोंबलतात, म्हणून वरच्या मजल्यावरच्या पेशंटना मी मनातल्या मनात शिव्या घालते. मी मानसिक आजारांची नर्स. घरोघरी जाऊन पेशंट तपासायचे, झोप कशी आहे, जेवण कसं आहे, आवाज ऐकू येतात का ते विचारायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. इतकी वर्षं झाली, भूत एकदाही भेटलं नाही. भेटली ती थकलेली माणसं.

त्या घरात मायलेकी दोघीच. मुलगी विशीतली, अंगावर नुसती हाडं उरलेली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, पुढ्यातला भात वाळून गेला होता. समोरची खुर्ची रिकामी, जराशी मागे ओढलेली. तिच्यापुढेही ताट वाढलेलं.

"हे कोणाचं?" मी आईला विचारलं.

"ती मांडायला लावते, सिस्टर. नाही मांडलं तर पाणीसुद्धा पीत नाही."

"म्हणजे आजाराला तुम्हीच खतपाणी घालताय की!" मी ती खुर्ची आत सारली आणि मुलीजवळ बसले. "का गं, जेवत का नाहीस?"

"भूक लागलीय हो." तिचे ओठ भेगाळले होते. "पण तो म्हणतो, आधी माझं होऊ दे."

"मग?"

"त्याचं होतच नाही."

आईने मला बाहेरच्या खोलीत नेलं आणि चक्क माझे पाय धरायला वाकली. दुसऱ्या दिवशी मुलीला भरती करून नाकातून नळी घालणार होते. मागच्या वेळी तिने नळी उपटून काढली होती, मरता मरता वाचली होती. ती आपणहून खायला लागली तरच मी डॉक्टरांना थांबा म्हणू शकत होते.

"या वेळी माझी पोर परत यायची नाही," आई म्हणाली. "काहीही करा, पण एक घास तिच्या पोटात जाऊ दे."

आमच्यात एक नियम आहे. पेशंटच्या आवाजाला खोटं म्हणायचं नाही, खरंही म्हणायचं नाही, आणि त्याच्याशी आपण कधीही बोलायचं नाही. नव्या मुलींना हे मीच शिकवते.

आत आले तर खुर्ची पुन्हा मागे ओढलेली. मुलीच्या अंगात तर उठायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, मघाशी मीच नीट सारली नसेन.

मग तिचे हात दिसले. ताटाच्या दोन्ही बाजूंना ठेवलेले, वाट बघणारे. डोकंच फिरलं म्हणा ना! हट्टी पाहुण्याला दटावावं तशी मी त्या खुर्चीला म्हणाले, "बास झालं हो तुमचं! एवढी भूक असेल तर माझ्याकडे या जेवायला. हिला सोडा."

मुलीने मान वर केली. तिची नजर खुर्चीवरून निघाली, सरकत सरकत माझ्या खांद्यामागे आली आणि तिथे थांबली.

मग तिने घास घेतला. दुसरा घेतला. आई तोंडावर हात दाबून रडली, मीही डोळे पुसले. डॉक्टरांनी भरती रद्द केली आणि मला शाबासकी दिली.

पुढच्या भेटीला मुलीनेच दार उघडलं. गाल भरले होते.

"आज जेवल्याशिवाय सोडणार नाही," आई म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून थबकली. "सिस्टर, किती वाळलात हो!"

"धावपळ, दुसरं काय," मी हसले. डबा रोज तसाच परत जातो, त्यावरून नवरा रोज ओरडतो, हे तिला कशाला सांगायचं?

तिने गरम भात वाढला. वाफ चेहऱ्यावर आली. भुकेने माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

मुलगी दोन घास खाऊन थांबली. माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघत होती. ती जराशी मागे ओढलेली होती.

"माझं चुकलं, सिस्टर," ती रडवेली होऊन म्हणाली. "तेव्हाच तुम्हाला अडवायला हवं होतं. जेवा ना हो."

माझे हात ताटाच्या दोन्ही बाजूंना होते.

"जेवते गं," मी म्हणाले. "आधी त्याचं होऊ दे."