जड कुरडयांचा डबा

"बसा रे दोघं बॅगेवर! चेन लागंना!" इंद्रायणी ओरडली.

तिचा चुलतभाऊ आदिनाथ आणि मैत्रीण स्वरा धपकन बॅगेवर बसले. बॅग कुरकुरली, पण चेन लागली एकदाची! इंद्रायणीची आई, बेबीनंदा, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती. थोरल्या लेकीचे, अंजूचे, दिवस भरत आले होते आणि ती होती तिकडे मस्कतला. जावयाने व्हिसा पाठवला होता. आज जालन्याहून रेल्वे, उद्या मुंबईहून विमान.

"काकू, झोपू नको बरं विमानात. उतरायचं राहून जाईल!" आदिनाथ म्हणाला.

"तू लई विमानं फिरून आल्ता का रे?"

टेंभुर्णीत कुणी परगावी निघालं की घरोघरचे डबे त्याच्या दारात येतात. बैलगाडीने जालना गाठायचे दिवस होते तेव्हाही येत, आता विमानाच्या दिवसांतही येतात. डब्याला नाही म्हणायचं नाही आणि दुसऱ्याचा डबा उघडायचा नाही, ही दोन वळणं इथल्या बायकांच्या हाडात मुरलेली. बेबीनंदाने सगळ्यांचे डबे हसतमुखाने घेतले होते.

शेवटचा डबा घेऊन आला गावातलाच राधेश्याम. विमानाचं तिकीट त्यानेच काढून दिलं होतं. डबा स्टीलचा, चहूबाजूंनी चिकटपट्टीने आवळलेला.

"वहिनी, माझ्या बहिणीसाठी कुरडया हायेत. मस्कतला तिचा माणूस येईल घ्यायला. फक्त उघडू नका, हवा लागली की नरम पडतेत."

आदिनाथने डबा उचलला आणि त्याचे डोळेच विस्फारले. "अबब! कुरडया हायेत का खडी?"

इंद्रायणीने डबा हातात घेतला. अख्खी सुट्टी तिघांनी गच्चीवर वाळत्या कुरडयांवरचे कावळे हाकत काढली होती. कुरडयांचा भरलेला डबा हाताला कसा लागतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. हलका फूल, आणि हलवला की खुळखुळणारा! हा डबा दगडासारखा जड होता आणि मुका.

"आई, ह्याच्यात नुसत्या कुरडया न्हाईत!"

"दाबून भरल्यात, पोरी," राधेश्याम हसला.

"दाबल्यावर तर चुरा व्हईल!"

स्वरा मागच्या वर्षी काकांकडे दुबईला जाऊन आली होती. ती म्हणाली, "काकू, विमानतळावर सांगतात, दुसऱ्याची वस्तू आत काय आहे ते बघितल्याशिवाय नेऊ नका."

"ह्यांच्या ओळखीनं तिकीट झालं, आन ह्यांचाच डबा फोडू व्हय?" आई कडाडली. "लाज न्हाई वाटत?"

"पोरांच्या नादी नको लागूस. चल जल्दी," इंद्रायणीचे वडील, सांडूदादा, म्हणाले. डबा बॅगेत गेला. आईचा पासपोर्टही राधेश्यामने 'मी सांभाळतो' म्हणून आपल्या पाकिटात टाकला. तो स्टेशनापर्यंत सोबत येणार होता.

जीप निघाली. मागच्या बाकावर स्वरा इंद्रायणीच्या कानाशी कुजबुजली, "त्यात नशेच्या गोळ्या असल्या तर काकूंनाच पकडतील गं. डबा माझा नाही म्हटलं तरी कुणी ऐकत नाही. वर्षानुवर्षं सोडत नाहीत."

इंद्रायणीच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. परका मुलुख, परकी भाषा, आणि गजाआड आई! तिकडे अंजूताई कळा देत एकटी. आई परत आलीच नाही तर?

"आई, तो डबा काढ ना गं. पाया पडते तुझ्या!"

आईने मागे वळून फाडकन तिच्या गालावर दिली. राधेश्याम खिडकीतून बाहेर बघत होता. इंद्रायणीने ओठ घट्ट दाबले. गालापेक्षा छातीतच जास्त दुखत होतं.

राजूर आलं. राजुरेश्वराचं दर्शन घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे घरातलं ठरलेलंच. आई आणि दादा देवळाकडे निघाले.

"मी बघतो सामान," राधेश्याम म्हणाला आणि चक्क बॅगेवरच बसला!

आदिनाथने खडा टाकून पाहिला. "काका, तिकडं प्रसाद वाटून राह्यले!"

"तूच खा."

"राजूरला येऊन गणपतीला न जाणारा पहिलाच माणूस बघितला बाबा!"

राधेश्याम हलला नाही. रेल्वेची वेळ जवळ येत चालली होती. "आता काय करायचं?" स्वराने विचारलं. "मोठी माणसं आपलं ऐकतच नाहीत."

"आपलं न्हाई ऐकत," इंद्रायणी म्हणाली आणि एकदम थांबली. "पण देवाचं ऐकतेत!"

ती धूम पळत सुटली. रांगेतून वाट काढत तिने दादांचा सदरा धरला. "दादा! कळपातल्या पहिल्या दुधाचा खरवस सुद्धा आपण देवाला दाखवल्याबिगर खात न्हाई. आन एवढं अन्न परमुलखात चाललं, ते तसंच धाडायचं का?"

दादा चमकले. मेंढरांमागे आयुष्य काढलेला तो भाविक माणूस! "बराबर बोलली पोरगी! आणा सगळे डबे."

त्यांनी राधेश्यामला बॅगेवरून उठवलं आणि देवळाच्या पायऱ्यांवर डबे उघडत गेले. लाडू, चटणी, पापड. शेवटी राहिला चिकटपट्टीचा.

"माझा राहू द्या," राधेश्याम घाईने म्हणाला.

"का? बहिणीच्या अन्नाला देवाचा आशीर्वाद नको?" दादांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"गाडी चुकेल, दादा!"

"भावजी," आई हळूच म्हणाली. तिचा चेहरा बदलला होता. "उघडा. मी परत तश्शीच पट्टी लावून देते."

राधेश्यामने डबा हिसकावला आणि तो पळाला! पण देवळाबाहेर चपलांचा हा ढीग. आदिनाथने त्यातल्या दोन त्याच्या पायात भिरकावल्या. राधेश्याम अडखळला, तोंडावर आपटला आणि डबा ठणठणत पायऱ्यांवरून खाली गेला. झाकण उडालं. वर मूठभर कुरडया, खाली काळ्या पिशव्या! एक फाटली आणि पांढऱ्या गोळ्या चपलांमध्ये सांडल्या.

"पकडा त्याला!" स्वरा किंचाळली. बंदोबस्ताच्या पोलिसांनी राधेश्यामची मानगूट धरली.

आई मटकन पायरीवर बसली. "माझ्या बॅगेत होतं हे," ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. "मी न्हाई जात आता कुठं."

"आई, ताई वाट बघून राह्यली," इंद्रायणी तिच्याजवळ बसली. "तू गेलीच पाह्यजे."

"पण तिकीट तरी खरं असंल का त्याचं?" आदिनाथने विचारलं.

"खरंच असणार. त्याला तर काकू जायलाच हव्या होत्या!" स्वरा म्हणाली.

बंदोबस्तावरच्या फौजदारबाईंनी विमान कंपनीला फोन लावला. तिकीट खरं होतं. राधेश्यामच्या पाकिटातून पासपोर्ट काढून त्यांनी आईच्या हातात दिला. "हा कुणाकडेही ठेवायला देऊ नका, बाई. तुमचा जबाब मी आत्ताच घेते. बाकीचं तुमचे मालक थांबून सांगतील." मग त्या मुलांकडे वळल्या. "शाब्बास! आजवर मी माणसं तुरुंगात घातली. तुम्ही तर एका बाईला जायच्या आधीच सोडवलंत!"

दादांनी आपल्या पागोट्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि इंद्रायणीच्या पाठीवर हात ठेवला. तो हात जीप सुटेपर्यंत तिथेच होता.

जालन्याला गाडी अगदी हलता हलता मिळाली. आईने खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून इंद्रायणीचा गाल धरला, सकाळी मारलेला तोच. मग वळून साऱ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही बघा माझी पोरगी! हिच्यामुळं मी माझ्या लेकीकडं चालले, आन हिच्यामुळंच परत येणार हाय!"

डब्यातली माणसं खिडकीशी वाकून बघू लागली. इंद्रायणी लाजून आदिनाथच्या मागे दडली. मग गाडीने वेग घेतला, तशी ती पुढे आली आणि दिसेनाशी होईपर्यंत दोन्ही हात हलवत राहिली.