तारेवरचा कागद

“या झेरॉक्सला मधोमध भोक कसं?” महिला पोलीस अधिकाऱ्याने विचारले, आणि कैलासने तोंड उघडण्याआधीच रजनी पुढे झाली.

“तारेला टोचलीया म्हणून. भाडेकरूंची कागदं मीच टोचून ठिवते. ही बी मीच दिली.”

कासारसाईत रजनीच्या घरामागे दहा खोल्यांची चाळ होती. भाडेकरूंची पोलिसांत नोंद करायला हेलपाटे कोण घालणार, म्हणून रजनी प्रत्येकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेई, भिंतीवरच्या तारेला टोची आणि निर्धास्त होई. त्याच तारेवरचा एक कागद बंदी घातलेल्या एका संघटनेच्या हाती पडला, त्यावर सिम कार्ड घेतले गेले... आणि तीन दिवसांपूर्वी, कागदावर ज्याचे नाव होते त्या दयानंदला, हिंजवडीत कॅब चालवणाऱ्या साध्या भाडेकरूला, पोलीस घेऊन गेले.

त्याची बायको राणी, सात महिन्यांची गरोदर, आताही अंगणात उभी होती. तीन दिवस रजनीच तिला जेवू घालत होती, आणि कागद कुणी काढला ते तीन दिवस रजनीला ठाऊक होते!

कैलास रजनीचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा पाच वर्षांचा, आईविना पोरका. पुढे नवरा वारला, माहेरची माणसे दुसरे स्थळ घेऊन आली. ह्या पोराला कोण बघंल, एवढेच विचारून तिने त्यांना माघारी लावले होते.

गेल्या वर्षी त्याला एक ‘सर’ भेटले. सरकार उलथल्याशिवाय कंपन्यांच्या घशात गेलेल्या जमिनी गावाला मिळायच्या नाहीत, आणि ते बंदुकीशिवाय व्हायचे नाही, असे ते सांगत. कैलास जेवताना तेच बोले.

“तुला दिली का बंदूक?” तिने एकदा घाबरून विचारले होते.

“न्हाई वयनी. आमी नुसतं खोली बगायची, कागद द्यायचं, कोन आलं तर जेवू घालायचं. लढणारे येगळे हायेत.”

“कुणाला दिलीत झेरॉक्स?” अधिकाऱ्याने आता रजनीला विचारले.

“आला हुता एकजण.”

“दिसायला कसा होता?”

“माणसासारका.”

दारातला शिपाई हसला. अधिकारी हसली नाही. “बाई, या सिमवरून सुरुंग उडवलाय. जंगलातल्या रस्त्यावर आमचे दोन शिपाई गेले. काय कबूल करताय, कळतंय का?”

मान खाली घालून रजनीने चपला पायात सरकवल्या. “कळतंय. त्या पोरीच्या माणसाला सोडा.”

कैलास पांढराफटक पडला होता. “नुसतं बोलायला सिम लागतं म्हनले हुते मला...” तो पुटपुटला. मग सरळ उभा राहिला. “म्याडम, वयनी खोटं बोलतीया. कागद मी काढला. सरांची खोली दावतो.”

“गप बस, कैलास.”

“मी गप बसू, आन माज्या जागी तू जाशील?”

राणी हळूहळू ओसरीपाशी आली. “काकू, तुम्हाला ठाऊक होतं?”

“व्हय.”

“आणि रोज ताट घेऊन येत होता माझ्याकडं?”

रजनीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. “तुजं पोर पोटात हाय, बाई. माजं ह्यो. मी माज्याचंच बगितलं...”

राणी खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतले.

कैलास रजनीच्या पायांवर वाकला. “चुकलं, वयनी.”

“मला नगं सांगू. तिला सांग.”

शिपायाला सोबत घेऊन तो त्या बंद दारापुढे उभा राहिला आणि काहीही न लपवता सगळे बोलला.

“आधी आमच्या ह्यांना घेऊन या,” शेवटी आतून आवाज आला. “मग बघू.”

रजनीचाही जबाब घ्यायचा होता. जीपमध्ये ती कैलासच्या शेजारी बसली, त्याचा गार हात तिने दोन्ही हातांत धरला, आणि पौडच्या पोलीस ठाण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याला वाचवण्यासाठी एक शब्दही बोलली नाही.