तळपट्टीतला नंबर

"उद्या गुहेत जायचं म्हणजे उद्याच," गिमेईने बजावलं. "आणि या वेळी खाण्याची पिशवी कुलोबाकडे द्यायची नाही. मागच्या खेपेला पहिल्या चढावरच शेंगदाणे संपले होते."

"मी फक्त चव बघत होतो," कुलोबा म्हणाला.

"चव बघायला अख्खी पिशवी लागते का रे?"

मुयामाला हसू आलं, पण तिचे हात थांबले नाहीत. जाळीच्या मंचावर वाळत घातलेल्या कॉफीच्या बिया ती हलवत होती आणि काळ्या पडलेल्या वेचून टाकत होती. डिसेंबरची मोठी सुट्टी लागली की बुनासेके गावातल्या सगळ्या मुलांच्या मागे हे काम लागतंच. एल्गॉन पर्वताच्या उतारावर कॉफी वाळत नाही असं अंगण शोधून सापडायचं नाही. मुयामा तेरा वर्षांची, शेजारचा गिमेई बारा वर्षांचा, आणि तिचा भाऊ कुलोबा दहाचा. सुट्टीत तिघांचं सगळं एकत्रच चालायचं, भांडणंसुद्धा.

तेवढ्यात फाटकातून नागुदी आत्या आत आली. मुयामाने मान वर केली आणि तिला जरा चमकल्यासारखंच झालं. सकाळचे साडेदहा वाजले होते. या वेळी आत्या पाहुणे-मंडळाच्या कचेरीत असायची. एकदा कचेरीत गेली की दुपारच्या जेवणालासुद्धा तिला तीन तीन निरोप धाडावे लागायचे.

"आत्या, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय," आत्या म्हणाली आणि मंचापाशी बसून काळ्या बिया वेचायला लागली. वेचता वेचताच म्हणाली, "कचेरीची किल्ली काढून घेतली त्यांनी."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. गावातल्या पाच घरांनी पर्वत चढायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी एकेक खोली राखली होती. पाचांचं मिळून एक मंडळ, एक कचेरी आणि एक वेबसाइट. वेबसाइटवरचा मजकूर आत्या लिहायची. कोणत्या घरात मलेवाची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी चांगली मिळते, कोणाचा कुत्रा चावत नाही, सगळं. पाहुण्यांनी वेबसाइटच्या अगदी खालच्या पट्टीतला, म्हणजे तळपट्टीतला, नंबर फिरवायचा आणि आत्याने खोली ठरवून द्यायची, असा रिवाज होता. गेल्या महिन्यात म्बाले शहरातल्या मागोम्बेदादाने वेबसाइटला नवं रूप दिलं. दिसायला फार सुंदर झाली. पण तेव्हापासून तळपट्टीतला नंबर आपोआप बदलू लागला. मागोम्बेदादाने दोनदा दुरुस्त केला, आणि दोन्ही वेळा काही दिवसांनी तिथे पुन्हा तोच खोटा नंबर येऊन बसला. ऐन हंगामात सगळे मिळून दोन आठवडे फोन वाजला नव्हता.

"पासवर्ड दोघांकडेच आहे. त्याच्याकडे आणि माझ्याकडे," आत्या म्हणाली. "तो म्हणतो, नंबर काही पायांनी चालत येत नाही, कोणीतरी आत शिरून बदलतंय. आणि पलीकडच्या गावात माझ्या दिराचं अतिथीगृह आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"म्हणजे तू मुद्दाम इथले पाहुणे तिकडे पळवतेस, असं?" मुयामाचा आवाज चढला.

"तोंडावर कोणी बोललं नाही. शनिवारी बैठकीत बोलतील. मी मात्र थांबायची नाही. कंपालाला जाते थोरल्या लेकीकडे. या वयात चोर म्हणवून घेऊन गावात राहायचं नाही मला."

कुलोबाच्या हातातल्या बिया खाली सांडल्या. आत्याशिवाय हे घर कसं असेल, हे मुयामाला डोळ्यांपुढे आणताच येईना. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. त्यातला राग तिला जास्त उपयोगाचा वाटला.

"गुहा राहू दे," ती गिमेईला म्हणाली. "तुझ्या दादाचा फोन मिळेल?"

"मिळेल. पण त्याने डेटा मोजून ठेवलाय. वापरला तर मला मोजेल."

फोन मिळाला. तिघं गिमेईच्या ओट्यावर डोकी जुळवून बसले. वेबसाइट उघडली. वर पर्वताचा मोठा फोटो, मध्ये आत्याचा मजकूर, आणि अगदी खाली हिरव्या पट्टीत तो नंबर होता. शून्य-एकने सुरू होणारा, शेवटी ओळीने चार शून्यं असलेला.

"लावून बघ," कुलोबा म्हणाला.

गिमेईने लावला. असा नंबर अस्तित्वात नाही, असं फोनमधल्या बाईने शांतपणे सांगितलं.

मुयामाच्या कपाळाला आठी पडली. "पाहुणे पळवायचे असते तर चोराने आपला नंबर टाकला असता ना? न लागणारा नंबर टाकून कोणाला काय मिळणार?"

"चोर येडा असेल," कुलोबाने सुचवलं.

"तीन तीनदा येडा?" गिमेई म्हणाला. "अगं, हा नंबर शोधून तर बघ. आणखी कुठे दिसतो का."

मुयामाने नंबर शोधायला टाकला. पडद्यावर उत्तरं आली आणि तिघंही बघतच राहिले. लुसाकामधला एक शिंपी. घानातलं एक केस कापायचं दुकान. ब्राझीलचा दातांचा डॉक्टर. कुठल्याशा थंड देशातलं लग्नाचं सभागृह. सगळ्यांच्या वेबसाइटवर तोच नंबर होता, शेवटच्या चार शून्यांसकट.

"अबब," गिमेई म्हणाला. "आपल्या आत्याबाई भलत्याच कामाच्या दिसतात. ब्राझीलपर्यंत जाऊन नंबर बदलून आल्या."

मुयामा हसली नाही. ती एकेक वेबसाइट उघडून बघत होती. शिंप्याच्या पानावर कापडाचा मोठा फोटो आणि खाली हिरवी पट्टी. डॉक्टरच्या पानावर दातांचा मोठा फोटो आणि खाली हिरवी पट्टी. "सगळ्यांचा साचा एकच आहे," ती हळूच म्हणाली. "थीम एक आहे रे. ज्याने ही थीम बनवली त्यानेच नमुन्यादाखल हा नंबर घालून ठेवलाय. आपण तो काढून आपला टाकायचा असतो. हे लोक विसरले."

शाळेच्या निसर्ग मंडळाचा ब्लॉग मुयामाच चालवायची. तोही गावच्या वेबसाइटसारख्याच सॉफ्टवेअरवर होता, त्यामुळे थीम म्हणजे काय हे तिला सांगायची गरज नव्हती. कुलोबाला होती.

"मजकूर आपला असतो," तिने समजावलं. "त्याला बाहेरून जे घर मिळतं, रंग, पट्ट्या, अक्षरं, ती थीम. ती दुसऱ्या कोणीतरी बनवलेली असते, आपण आणून बसवतो."

"पण मागोम्बेदादा काही विसरला नव्हता," कुलोबा म्हणाला. "त्याने आपला नंबर टाकला होता. मग तो गेला कुठे?"

प्रश्न बरोबर होता. मुयामाने फोन खाली ठेवला. ओट्याच्या कडेला गिमेईची आई नाताळच्या पाहुण्यांसाठी भिंत लिंपत होती. ओल्या मातीचा हात फिरत होता आणि गिमेईने वर्षभरात कोळशाने काढलेल्या फुटबॉलपटूंची एकेक फळी त्याखाली नाहीशी होत होती.

"आई, निदान गोलकीपर ठेव गं," गिमेई ओरडला.

"नवी भिंत हवी की गोलकीपर?" आई म्हणाली आणि गोलकीपरही गेला.

मुयामा ताडकन उठली. "गिमेई, थीमचं अपडेट. थीम बनवणारा अधूनमधून तिची सुधारलेली प्रत पाठवतो. ती जुनीच्या जागी बसते, आणि जुनीत कोणी काही खरडलं असेल तर ते पुसलं जातं. शाळेतल्या मुदेबो सरांनी निसर्ग मंडळाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मूळ थीममध्ये कधीही हात घालायचा नाही. तिला जोडून आपली वेगळी चाइल्ड थीम करायची आणि बदल तिच्यात लिहायचे. मूळ थीम कितीही वेळा बदलली तरी आपलं लिहिलेलं आपल्यापाशी राहतं."

"आणि मागोम्बेदादाने भिंतीवरच लिहिलं," गिमेई म्हणाला.

"तीनदा. एकदा सुरुवातीला, दोनदा दुरुस्तीच्या नावाखाली."

खात्री करायला फार वेळ लागला नाही. नंबर बदलल्याचे तिन्ही दिवस आत्याच्या वहीत होते. थीमच्या पानावर सुधारलेल्या प्रतींच्या तारखा होत्या. अठ्ठावीस नोव्हेंबर, आठ डिसेंबर, सतरा डिसेंबर. वहीतही त्याच. आठ तारखेची नोंद तर आत्याने परतल्यावर इतरांना विचारून केली होती, कारण त्या दिवशी ती वरच्या वाडीत मयताला गेली होती आणि तिथे कोणत्याच फोनला रेंज येत नाही.

मुयामाने लगेच मागोम्बेदादाला फोन लावला. तिने निम्मं सांगेपर्यंत तो हसायला लागला होता.

"काळजी नको," तो म्हणाला. ते त्याचं पालुपद होतं. "मी सहा वर्षं वेबसाइट बनवतोय, मुली. माझ्या कामात खोट नसते. तू सुट्टी मजेत घालव. मोठ्यांचं मोठ्यांना बघू दे."

फोन बंद झाला. "सहा वर्षं," गिमेई म्हणाला. "म्हणजे मी प्राथमिक शाळेत गेलो तेव्हापासून तो भिंतीवर लिहितोय."

"त्याला सांगून पटणार नाही," मुयामा म्हणाली. "त्याच्याच हातून करून घ्यावं लागेल." तिने मुदेबो सरांना फोन करून परवानगी मागितली. मग शुक्रवारचा अख्खा दिवस तिघं शाळेच्या संगणकापाशी बसून होते.

शनिवारी चर्चच्या पडवीत बैठक भरली. अध्यक्ष होते वोनियाला आजोबा. ते फार कमी बोलायचे आणि समोरच्यालाही फार बोलू द्यायचे नाहीत. पाच घरांची माणसं बाकांवर बसली होती. आत्या शेवटच्या बाकावर एकटीच होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. कुलोबा मुकाट्याने जाऊन तिथे बसला.

मागोम्बेदादाने कानातले इअरफोन काढून आपलं म्हणणं मांडलं. पासवर्ड दोघांकडे, त्याने स्वतः बदललेलं नाही, मग राहिलं कोण? लोक माना डोलवू लागले.

मुयामा उभी राहिली. "आजोबा, मला दादाला एक विचारायचंय."

"लहान मुलांचं इथे काय काम?" एक बाई म्हणाल्या.

"विचार," वोनियाला आजोबा म्हणाले.

"दादा, आमच्या निसर्ग मंडळाच्या ब्लॉगची एक रिकामी प्रत काढून आम्ही तिला तुमचीच थीम बसवलीय. तुम्ही आपल्या वेबसाइटवर नंबर टाकता ना, अगदी तसाच इथे टाकून दाखवाल? आम्हाला शिकायचंय."

"त्यात काय एवढं," मागोम्बेदादा खुश होऊन म्हणाला. त्याने आपला लॅपटॉप पुढे ओढला, मूळ थीमची तळपट्टीची फाइल उघडली, नमुन्याचा नंबर पुसला आणि पाहुणे-मंडळाचा लिहिला. पानाच्या तळाशी खरा नंबर दिसला. "झालं. एका मिनिटाचं काम."

"आता पासवर्ड बदला," मुयामा म्हणाली. "नवा फक्त तुम्हाला माहीत असू दे."

त्याने तोही बदलला.

"आता ते अपडेटचं बटण दिसतंय ना? आम्ही मुद्दाम आधीची प्रत बसवली होती. ते दाबा. तुमच्या वेबसाइटवर हे आपोआप होतं, तुम्हीच तसं लावून ठेवलंय."

मागोम्बेदादाचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. त्याच्या चेहऱ्यावरून मुयामाला कळलं की त्याला सगळं उमगलं आहे.

"दाब की," आजोबा म्हणाले.

त्याने दाबलं. पान पुन्हा उघडलं. हिरव्या पट्टीत चार शून्यांचा नंबर येऊन बसला होता.

गिमेईने तारखांचा कागद आजोबांच्या हातात दिला. ब्राझीलच्या दातांच्या डॉक्टरची गोष्टही त्याने सांगून टाकली, तेव्हा बाकांवर थोडी खसखस पिकली. आत्या मात्र हसली नाही. ती खाली बघत होती.

मागोम्बेदादा उठून शेवटच्या बाकापाशी गेला. "नागुदीताई, चूक माझी होती," तो म्हणाला. "मी आधी स्वतःचं काम तपासायला हवं होतं. तुमचं नाव घेतलं, कारण ते सोपं होतं."

मग वोनियाला आजोबा उभे राहिले. दुखऱ्या गुडघ्यांमुळे ते बिशप आले तरी बसूनच बोलायचे. "नागुदी, आठ वर्षं तू ही कचेरी सांभाळलीस," ते म्हणाले. "आणि तू असं करशील का, एवढासुद्धा विचार आम्ही केला नाही. मी केला नाही. मला माफ कर." त्यांनी खिशातून किल्ली काढली. "आणि ही तीन पोरं. आम्ही पाच घरची शहाणी माणसं माना डोलवत बसलो होतो, तेव्हा यांनी शोध घेतला. माझं आयुष्य बैठकांत गेलं, पण इतका सरळ पुरावा मी पाहिला नाही. शाबास रे."

आत्याने किल्ली घेतली आणि तिला रडू कोसळलं. चार दिवस डोळ्यांत पाणी न आणणारी आत्या सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडली. मुयामाने तिला मिठी मारली. आत्याच्या मनावरचा दगड बाजूला झाला होता.

दुपारी कचेरीत मागोम्बेदादा खऱ्या वेबसाइटसाठी चाइल्ड थीम करायला बसला. मुयामा शेजारी बसून प्रत्येक ओळ तपासत होती आणि तो निमूटपणे तपासू देत होता.

"इथे वर थीमच्या कर्त्याचं नाव लिहायचं असतं," तो म्हणाला. "तुम्हा तिघांची लिहू?"

कुलोबाचे डोळे चमकले. गिमेईने आपल्या नावाची अक्षरं सांगायला तोंडही उघडलं. पण मुयामाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि काय ते दोघांना कळलं.

"नागुदी लिहा," ती म्हणाली. "सगळी वेबसाइट तिच्याच शब्दांची आहे."

"अगं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," आत्या मागून म्हणाली. तरी ती चष्मा लावून पुढे आली, पडद्यावरचं आपलं नाव तिने दोनदा वाचलं, आणि खुर्ची ओढून तिथेच बसली.